गोदाचा आगाऊ सत्कार

मुलांनो, जिंकलेल्याचा सत्कार करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या चौक गावाने मात्र एकदा जिंकायच्या आधीच सत्कार उरकून घेतला.

चंद्राबाईची गोदा शंभर मीटरच्या शर्यतीत जिल्ह्यात पहिली आली, त्या सालची ही गोष्ट. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात राज्याच्या संघाची निवड होती. दुपारची एसटी चुकली तर गोदाची निवडही चुकणार होती.

पण सरपंच मालोजीराव अडून बसले. "उद्या पोरगी ऑलिंपिक जिंकली, की मुंबई-दिल्लीवाले पुढं घुसतील. मंग आपला नंबर कवा लागंल? आपन आजच हार घालून ठेवू!"

एसटी थांब्याशेजारीच मांडव पडला. फलक लागला, 'ऑलिंपिक विजेती कु. गोदा'. तिला सकाळपासून व्यासपीठावर खुर्चीत बसवलं. प्रमुख पाहुणे कर्जतहून यायचे होते, आणि पाहुण्यांवाचून नारळ कोण देणार? तोवर ढाबेवाले, गॅरेजवाले, भजनी मंडळ, सगळ्यांनी आपापले हार घातले. फुलं गोदाच्या नाकापर्यंत आली.

"काका, गाडी जाईल ना माझी," फुलांतून आवाज आला.

"जाऊ दे गं! तू पळनारी पोर, तुला गाडी कशाला?"

खालून चंद्राबाई कडाडली, "अवो, निवडच झाली नाय, तर जिंकंल कशी?"

"वयनी, अपशकुन करू नका. फलक रंगवून झालाय."

शेवटी पाहुणे आले आणि 'जीवनात वेळेचे महत्त्व' या विषयावर बोलू लागले. बोलणं रंगात आलं, तेवढ्यात थांब्यावरून घंटी ऐकू आली आणि एसटी निघाली.

चंद्राबाईने खालून पिशवीच फेकली. "पळ गं!"

गोदाने हार भिरकावले, पिशवी झेलली आणि व्यासपीठावरून उडी टाकून ती सुटली. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. "प्रात्यक्षिक! प्रात्यक्षिक!" मालोजीराव आनंदाने ओरडले. पाहुण्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघत भाषण पुढे चालू ठेवलं.

पुढे रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, एसटी मंदावली, आणि गोदाने मागच्या दाराची दांडी पकडली. कंडक्टरने तिला वर ओढून घेतलं आणि खडसावलं, "पोरी, थांब्यावर वेळेत यायला काय होतं गं?"

"सकाळपासनं थितंच व्हते, मामा. लोकांनी बसवून ठेवलं."

"आं? गुन्हा काय केलास?"

"पहिली आले," गोदा धापा टाकत म्हणाली.