दीडपट

गाण्याचा व्हिडिओ कापायला बसले की मी आधी चित्र बघतच नाही. डोळे मिटून गाणं ऐकते आणि टेबलावर बोट आपटत जाते. बोट आपटतं तिथे बहुतेक जण कापतात. मी तिथे कापत नाही. प्रत्येक ठेक्यावर चित्र बदललं की वाऱ्यावर दार आपटत सुटल्यासारखं वाटतं. ओळ कशावर रेंगाळते, कुठे डोळा मारते, ते बघून कापावं. हे मी नवऱ्याला इतक्यांदा ऐकवलंय की मी तोंड उघडलं की वाक्य तोच पुरं करतो. तो कॅमेरा चालवतो, मी एडिटर. "हा जमवतो आणि ही कापते," असं माझे सासरे आल्यागेल्याला सांगायचे. सांगायचे, कारण तेव्हा त्यांना एवढं एका दमात बोलता यायचं.

बाबा, म्हणजे हे सासरे, गायक, पण कोरसमधले. गाण्यात मागून दहाजण सूर धरतात ना, त्यातले एक. पडद्यावर ते कधीच दिसले नाहीत. क्वचित एखाद्या नटासाठी चार ओळी गायल्या, तर आवाज यांचा आणि तोंड त्याचं. सासूबाई मात्र शेजारणींना हाताला धरून गाणं ऐकवायच्या. "थांबा हं, आत्ता येईल... हा! हा खालचा आवाज आहे ना, तो आमचा!" शेजारणी माना डोलवायच्या. त्यांना काय कळणार, कप्पाळ!

मग उतारवयात एका तरुण संगीतकारानं बाबांना अख्खं गाणं दिलं, एकट्याचं. गाणं खट्याळ आणि भरभर चालणारं. एक नवरा बायकोला जन्मभर सांगायचं राहिलेलं काहीतरी सांगायला बसतो आणि दर वेळी भलतीकडेच घसरतो. "थांब, थांब, मुद्दा राहिला," असं त्याचं ध्रुवपद. बाबांनी ते असं गायलं की काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला तोंडावर हात धरून हसत होता. त्याच दिवशी सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, "व्हिडिओत हेच दिसणार. मला एकदा यांना गाताना बघायचंय. आवाज यांचा आणि तोंडही यांचंच."

व्हिडिओचं ठरतंय तोवर बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू बरेचसे ताळ्यावर आले. चेहऱ्याची डावी बाजू थोडी मागे राहिली, आणि बोलणं संथ झालं. शब्द सगळे येतात, अगदी नेमके येतात, पण जिना चढणाऱ्या माणसासारखे, एकेका पायरीवर टेकत.

संगीतकार पोरगा भला. तो घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि चाचरत म्हणाला, "काका, एखादा नट घेऊ या का? आवाज तुमचाच राहील."

बाबांनी लगेच होकारार्थी मान हलवली. "झाकली... मूठ..." एवढं म्हणून ते थांबले. म्हण पुरी करायला पोरगा पुढे सरसावला, पण सासूबाईंनी त्याला हातानंच गप्प केलं. "...सव्वा... लाखाची," बाबांनी स्वतःच संपवलं.

"मूठ झाका हवी तर," सासूबाई म्हणाल्या. "तोंड कशाला झाकायचं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. घरात तडजोडीचं काम माझ्याकडे असतं, कारण मला तडजोड जमत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि मी चिडले की बाकीच्यांचं एकमत होतं. मी म्हटलं, "एकदा घेऊन बघू. नाही जमलं तर नट आहेच."

"कीव... दिसली... तर... पुसायचं," बाबा म्हणाले.

"पुसेन. शब्द दिला."

त्यांच्याच घरी शूटिंग केलं. खिडकीजवळचं जेवणाचं टेबल, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे. नवऱ्यानं पडदा अर्धा ओढून उजेड नीट केला. गाणं लावलं. पहिल्या ओळीला बाबा बरोबर होते, दुसऱ्या ओळीला अर्धा शब्द मागे पडले, आणि ध्रुवपद आलं तेव्हा गाणं पुढे निघून गेलं होतं. आपलाच आवाज त्यांना हुलकावणी देत होता. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते नेटानं पळाले. मग तोंड मिटून टेबलाकडे बघत बसले. नवऱ्यानं कॅमेरा बंद केला आणि उगाचच भिंग पुसत राहिला.

तो माल घेऊन मी माझ्या एडिटिंगच्या खोलीत बसले. ओठ चुकले की बघणाऱ्याला ते कुठे कळतं, सांगू? प, ब, म. जिथे ओठ मिटतात तिथे. बाकी अक्षरं कशीही खपून जातात. आणि या गाण्याचं ध्रुवपद काय, तर "थांब, थांब, मुद्दा". कवीनं कुठल्या जन्मीचा सूड उगवला होता कोण जाणे. मग मी चलाखी केली. ओठ मिटायची वेळ आली की बाबांचा हात दाखवायचा. नाहीतर चष्मा. मानेमागचे पांढरे केस, कपातली वाफ, दोरीवर हलणारी बाही. दोन दिवस खपून मी असा काही व्हिडिओ कापला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. ओळ घसरली की कपडा घसरतो, नवरा मुद्दा विसरला की पंखा गरगरतो. चित्र गाण्याला अगदी लगटून चाललं होतं.

सासूबाईंनी तो शेवटपर्यंत बघितला.

"घर छान आलंय," त्या म्हणाल्या. "माणूस कुठाय?"

माझा पारा चढला. "आई, ओठ जुळत नाहीत त्याला मी काय करू? ते मागे पडतात."

"ते कुठे मागे पडतात? ते बरोबर म्हणतायत. गाणंच सुटलंय शेपटीला आग लागल्यासारखं. त्याला सांग की जरा दमानं घे म्हणून."

मी भांडायचं सोडून मनात हिशेब मांडायला लागले. कारण गाण्याला दमानं घ्यायला सांगता येतं. ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, मी स्वतः ती नाचणाऱ्यांवर वापरलेली आहे. गाणं लांबवायचं, दीडपट, सूर न उतरवता. त्या संथ गाण्यावर माणसाला गायला लावायचं. मग ते चित्र दीडपट वेगानं पळवायचं आणि मूळ गाण्यावर ठेवायचं, की ओठ बसले. इतके दिवस मी बाबांना पळवत बसले होते. सासूबाईंच्या गळ्यातच पडणार होते, पण त्या पातेलं उतरवायला गेल्या.

एकच अडचण होती. चित्र पळवलं की त्यात जे जे हलतं ते सगळं पळतं. मागून कुणी नेहमीसारखं चालत गेलं तर कोंबडीसारखं तुरुतुरु जाताना दिसणार. मी सगळ्यांना बजावलं, "फ्रेममध्ये यायचं तर सगळं संथ. पाण्यातून चालतोय असं समजा." कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर लावला. नवऱ्यानं मागच्या खिडकीची काच पुसायची असं ठरलं. त्यानं अशी काही पावलं टाकून दाखवली की बाबा हसले, अर्ध्या तोंडानं, पण चांगले मोठ्यानं. मी कप घेऊन एकदा पलीकडे जायचं होतं. सासूबाईंनी बाबांशेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या.

"आई, तुम्ही पण—"

"कळलं, कळलं," म्हणत त्यांनी घड्या घालायला घेतल्याही.

मला वाटलं, यांना काही कळलेलं नाही. त्या रोजच्यासारख्याच घड्या घालत होत्या, संथपणाचा काही आव नाही की काही नाही. आमच्या सासूबाई म्हणजे मुळात वादळ. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा त्या एकाच वेळी तीन खोल्यांत असतात असा मला संशय होता. बाबा त्यांना भिंगरी म्हणायचे. म्हटलं, असू दे, कडेची चौकट थोडी आत घेईन आणि यांना बाहेर ठेवीन.

गाणं सुरू झालं, लांबवलेलं, आळसावलेल्या मांजरासारखं. आणि बाबा गायले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कुठेही न सुटता. "थांब, थांब" म्हणताना त्यांनी बोटसुद्धा नाचवलं. ओळ भलतीकडे घसरली की उजवी भुवई वर जायची. एवढ्या महिन्यांत त्यांची भुवई वर गेलेली मी बघितलीच नव्हती.

खोलीवर येऊन मी चित्र पळवलं, दीडपट, आणि मूळ गाण्यावर ठेवलं. प, ब, म, सगळे आपापल्या जागी. बाबा चक्क गात होते, मिश्किल, भरभर, झटक्याआधीचे बाबा. नवरा काच पुसताना ठार वेडा दिसत होता. मी कप घेऊन खारीसारखी सुर्रकन गेले. आमचं दोघांचं इतकं कसून संथ चालणं पुरलंच नव्हतं. मग चौकट आत घ्यायला म्हणून मी सासूबाईंकडे बघितलं.

त्या अगदी बरोबर होत्या. कोंबडी नाही, खार नाही. एक बाई नवऱ्याशेजारी बसून सराईत हातानं घड्या घालत होती, पूर्वी घालायची तशीच.

मी वेग काढून टाकला आणि तेच चित्र मूळ गतीनं बघितलं. त्यांनी सदरा उचलला. बाबांचा शब्द संपेपर्यंत तो मांडीवर तसाच धरला. एक बाही दुमडली. बाबांनी मान वळवली तशी यांनी वळवली. सांगून करायला गेलो तर आम्हाला जमलं नाही, आणि या न सांगता करत होत्या, कारण त्यांना वेगळं काही करायचंच नव्हतं. त्या आता अशाच जगत होत्या. म्हाताऱ्या झाल्या म्हणावं, तर आदल्याच आठवड्यात जिन्यावरून माझ्यापुढे धावत उतरल्या होत्या. फक्त बाबांपाशी त्या हळू व्हायच्या. कधीपासून, ते आम्हा कुणालाच कळलं नव्हतं, आणि मी तर वेगाचा हिशेब करून पोट भरणारी बाई. मला रडू आलं. नाक पुसलं, आणि चौकट आत घ्यायची रद्द करून कापायला बसले. कॅमेरा स्थिर होता, त्यामुळे नवऱ्याला आणि मला चित्रातून पूर्ण पुसून टाकता आलं, त्या दोघांना ठेवलं.

त्या चित्राला एक शेपूट होतं. गाणं संपल्यावरही कॅमेरा चालू राहिला होता, आणि त्यात बाबा सासूबाईंना काहीतरी विचारतात ते आवाजासकट आलं होतं. सहज म्हणून मी तेही दीडपट पळवलं, सूर न चढवता, आणि खुर्चीतच ताठ झाले. बाबांचा जुना आवाज. न अडखळता, जसा दारातून आत येतानाचा असायचा तसा.

दुपारी सगळ्यांना बोलावलं. माझ्या खोलीत खुर्च्या दोनच, त्यावर ती दोघं बसली. आम्ही भिंतीला टेकून उभे. बाबांनी पडद्यावर स्वतःला गाताना बघितलं. मी त्यांच्याकडेच बघत होते, कारण शब्द दिला होता. कडवं संपलं, दुसरं संपलं. सासूबाईंचे ओठ गाण्याबरोबर हलत होते आणि डोळे वाहत होते, ते त्या पुसतही नव्हत्या.

"पुसायचं का, बाबा?" गाणं संपल्यावर मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "मी... दिसतोय."

मग मी मोठ्या ऐटीत ते शेपूट लावलं, पळवलेलं. "दमलीस का गं?" पडद्यावरचे बाबा खणखणीत म्हणाले. नवरा भिंतीपासून सुटला. बाबा दचकले. मी सासूबाईंकडे बघितलं.

त्यांच्या कपाळाला आठी होती. "काय म्हणाले? फार भरभर गेलं."

मी पुन्हा लावलं.

"नाही गं कळत. आहे तसं लाव."

मी वेग काढला. "दम...लीस... का... गं?" पडद्यावरच्या सासूबाई हातातला सदरा तसाच धरून शेवटच्या 'गं' पर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही. म्हणा अजून एकदा."

"हां," खुर्चीतल्या सासूबाई म्हणाल्या. "आता कळलं."

व्हिडिओच्या शेवटी मी तेच ठेवलंय. गाणं थांबतं आणि चित्र आपल्या मूळ गतीला येतं. संगीतकार पोरगा म्हणाला, गाणं संपल्यावर इतकं संथ लोक बघतील का? म्हटलं, नाही बघितलं तर त्यांचं नुकसान.

पण त्या दुपारी आम्ही निघायला वळलो तरी बाबा उठले नाहीत. त्यांनी बोटानं पडद्याकडे खूण केली, मागे घे म्हणून. पळवलेल्या भागात जिथे सासूबाईंचे हात सपासप घड्या घालतात तिथे मला थांबायला लावलं. ते परत परत बघितलं. मग शेजारच्या खुर्चीकडे वळले.

"आणि... मी... समजत... होतो..." ते म्हणाले. पुढचं यायला वेळ लागला. "...तू... म्हातारी... झालीस."

सासूबाईंनी वाक्य पुरं होऊ दिलं. मग त्यांचा हात आपल्या हातात घेऊन म्हणाल्या, "झालेच की. तुमच्या जोडीनं."