पाचव्या पलंगावर बॅगा

रविवारी दुपारची जेवणं उरकली, तशी आजीच्या मुलानं टेबल भिंतीकडे सरकवलं, खुर्च्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या आणि मोकळ्या झालेल्या फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावायला घेतली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्याची कामावरची सवय घरातही सुटत नसे. सुट्टीत राहायला घ्यायचा तंबू किती लांब, किती रुंद, सगळं फोनवर लिहिलेलं होतं. पण वाचून त्याचं समाधान होईना.

"एकदा आत झोपून बघू," तो म्हणाला. "मग ठरवू."

आजी खिडकीपाशी उरलेल्या एकुलत्या खुर्चीत बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगा गुडघ्यांवर सरकत सरकत तिच्यापाशी आला, पट्टी तिच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावरून वळवली आणि पुढे गेला. खुर्ची तंबूच्या बाहेर राहिली. आजीनं ते बघितलं, पण बोलली नाही.

बोलायला तोंडच नव्हतं. महिन्यापूर्वी जेवताना मुलानं हा विषय काढला होता. मुलांच्या सुट्टीत गाडी काढायची, डोंगर ओलांडून पलीकडच्या देशात जायचं आणि तिथं आठवडाभर तंबूत राहायचं. तंबू आधीच उभा केलेला असतो, आत पलंग असतात, चूल असते, भांडी असतात. ऐकून आजीला हसू आवरेना. "डोक्यावर चांगलं छप्पर आहे, खाली गादी आहे, आणि तुम्ही परदेशात जाऊन कापडाखाली झोपणार? तेही आपण होऊन?" दुसऱ्या दिवशी शेजारणीलाही तिनं ही गंमत सांगितली. दोघी पोट धरून हसल्या. मुलानं त्या हसण्याचा घ्यायचा तो अर्थ घेतला. आई काही येत नाही. तिच्या सोबतीला मावशीला बोलवू, कुंड्यांना पाणी मिळेल, आईलाही निवांतपणा. आजीनंही "बरं" म्हटलं. आणि मग त्या "बरं"नं तिच्या डोक्यात जे घर केलं, ते काही केल्या रिकामं होईना.

कारण तिला बघायचं होतं. तंबूत रात्री कसं वाटतं, ते.

आजीनं उमेदीची सगळी वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत घालवली होती. खाली तळघरात. वरच्या मजल्यांवर देशोदेशीची माणसं उतरायची, पण तिला ती कधी दिसली नाहीत. दिसल्या त्यांच्या चादरी. कुणाच्या चादरीत वाळू असायची, कुणाच्या चादरीत बिस्किटाचा चुरा. एकदा एका उशीच्या अभ्र्यातून एक वाळकं पान पडलं. हातपंख्यासारखं, कडेला मुरडलेलं. लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायकांनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं; कुणालाच ते झाड माहीत नव्हतं. हे पान कुठून आलं असेल, आणि ते उशीत घेऊन झोपणारं माणूस आदल्या रात्री कुठं झोपलं असेल, याचा विचार आजी बरेच दिवस करत राहिली. अजूनही मधूनच करायची.

"झाला तंबू," मुलगा कमरेवर हात ठेवून म्हणाला. "चला, आत चला."

सहा वर्षांची नात सगळ्यांत आधी आत शिरली. तिला घरात वकीलबाई म्हणत, कारण झोपायची वेळसुद्धा ती वाद घातल्याशिवाय मान्य करत नसे. तिच्यामागून तिचा तीन वर्षांचा भाऊ, बोका, पट्टीवरून उडी मारून आला.

"भिंतीतून आलास," वकीलबाई म्हणाली. "बाहेर जा. दारातून ये."

"दार कुठंय?" बोक्यानं विचारलं.

"खरंच, दार कुठं आहे रे?" आजीनं विचारलं.

मुलानं पुन्हा फोनमध्ये बघितलं आणि एका बाजूची थोडी पट्टी उचकटली. बोका बाहेर जाऊन दारातून आत आला. मग सूनही येऊन आडवी झाली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. दिवसभर उभी असायची, त्यामुळे आडवं व्हायला कुणी सांगितलं की तिला कारण लागत नसे.

"हा चौघांचा आहे," मुलगा म्हणाला. "मोठ्या कॅम्पमधला. पोहण्याचा तलाव आहे, घसरगुंडी आहे, दुकान आहे, सगळं हाताशी."

"घसरगुंडी थेट पाण्यात जाते," वकीलबाईनं माहिती दिली. फोटो तिला पाठ होते.

"आणि दुसरा?" सुनेनं छताकडे बघत विचारलं.

"दुसरा तळ्याकाठचा. झाडीत आहे. घसरगुंडी नाही, दुकान लांब. तंबू मात्र मोठा, पाच पलंग आहेत."

"मला तो आवडलाय," सून म्हणाली. "तिथं गाड्या आत येऊ देत नाहीत. बोका सुटला की मागं धावायला नको."

"आपण चौघं. पाचव्याचं काय करणार?"

"पाचव्या पलंगावर बॅगा ठेवू."

आजीच्या हातातला टॉवेल एकदा घडी झाला, उलगडला आणि पुन्हा घडी झाला. बॅगांना पलंग. ती मनातल्या मनात म्हणाली, चांगलं आहे बाई, बॅगांचं नशीब उघडलं.

दोन्ही कॅम्पवाल्यांनी जागा संध्याकाळपर्यंतच राखून ठेवली होती, आणि मुलाला सोमवारी सुट्टीच्या तारखा मुकादमाला द्यायच्या होत्या. म्हणजे आज काय ते ठरणार होतं. एकदा चौघांचा तंबू घेतला की प्रश्नच मिटला. मग आजी कुंड्यांना पाणी घालेल, आणि मावशी तिला शेजारच्या सुनांच्या कागाळ्या सांगेल.

"त्याच्यात उभं राहता येतं का ताठ?" तिनं विचारलं.

"येतं की. मधे येतं."

"आणि पाऊस आला तर? कापड ठिबकत नाही?"

"नाही गं. दुहेरी असतं."

"रात्री उजेड कशाचा?"

"कंदील देतात बॅटरीचा."

"आणि जनावरांचं काय? मुंग्या, बेडूक?"

"आई, तू त्या कॅम्पची तपासणी करायला निघालीस का?" मुलगा हसला. "घरात बसून एवढी चौकशी."

"विचारायला काय जातंय," आजी म्हणाली आणि बोक्याचा पायमोजा उलटा करत बसली. जोडीचा दुसरा तिच्या मांडीवरच होता, तरी तिला तो सापडत नव्हता.

सुनेनं उठून बसत फोन घेतला. "मी तळ्याकाठच्या कॅम्पला विचारते. संडास किती लांब आहे, ते कळू दे. बोक्याला रात्री घेऊन जावं लागतं." दुकानात परदेशी प्रवासी चष्मे मोडून यायचे, त्यामुळे तिला त्यांची भाषा कामापुरती येत होती. तिनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावून पट्टीच्या तंबूच्या मधोमध ठेवला. पलीकडून एका बाईचा आवाज आला. मागे कुत्रं भुंकत होतं. आजीनं खुर्ची थोडी पुढं ओढली. खुर्चीचे पुढचे दोन पाय पट्टीच्या आत आले.

"संडास झाडीपलीकडे आहे म्हणते," सून मराठीत म्हणाली. "वाटेवर रात्रभर दिवे असतात."

"झाडी कसली ते विचार," आजी म्हणाली.

सुनेनं विचारलं. उत्तर आलं ते तिला कळलं नाही. "काहीतरी नाव सांगितलं. आपल्याकडे नसावं."

"पानं कशी असतात त्याची?"

"आई, आपण संडासाचं विचारतोय," मुलगा म्हणाला.

"बरं बरं. जमीन ओली असते का, ते विचार. तळं जवळ आहे ना."

सुनेनं विचारलं. जमीन कोरडी, खाली लाकडी फळ्या.

"मग ठीक. आणि पलंग किती उंच? फार खाली असला तर गुडघेदुखीच्या माणसाला उठता येणार नाही. धरायला काही आहे का शेजारी, ते विचार."

सुनेनं तोंड उघडलं. गुडघ्यासाठीचा शब्द शोधला, तो तिला सापडलाही, अर्धं वाक्य बोलूनही झालं, आणि मग ती मधेच थांबली. पलीकडची बाई दोनदा "हॅलो" म्हणाली. सुनेनं तिला पुन्हा फोन करते असं सांगून फोन ठेवला आणि आजीकडे बघितलं. दुकानात समोरच्याला अक्षरं वाचायला लावून ती त्याच्या डोळ्यांकडे जसं बघे, तसंच.

"आई," ती म्हणाली, "आमच्या चौघांत गुडघे कुणाचे दुखतात?"

आजीनं टॉवेल गुडघ्यांवर पसरला. जणू त्यांना कुणी बघू नये.

मुलानं बायकोकडे बघितलं, मग आईकडे. त्याच्या हातात चिकटपट्टीचं रीळ तसंच होतं. "आई, तुला यायचंय का?"

"छे" जिभेच्या टोकावर आलं होतं. इतकी वर्षं ते न बोलावताच येत आलं होतं. आजीनं ते गिळलं.

"हो," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? उलट हसत होतीस. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून विचारलं, तंबूची सर्कस कधी निघतेय म्हणून."

"हसले. कळत नव्हतं म्हणून हसले. कळत नाही म्हणूनच तर बघायचंय." तिनं टॉवेल बाजूला ठेवला. "तुम्ही तरी कुठं विचारलंत? बॅगांना पलंग द्यायचं सुचलं तुम्हाला."

सून तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा ओशाळा झाला. "चुकलं, आई. खरंच चुकलं."

"म्हणजे तळ्याकाठचा," मुलगा म्हणाला. "पाच पलंगांचा."

एवढा वेळ वकीलबाई पोटावर पडून ऐकत होती. ती उठून बसली.

"पण तिथं घसरगुंडी नाहीये."

मुलानं हातातलं रीळ खाली ठेवलं.

"तुम्ही म्हणाला होतात, मुलांची सुट्टी आहे. मुलं म्हणजे मी आणि बोका. आम्हाला घसरगुंडी पाहिजे."

"मला पायजे," बोका म्हणाला, कशाला ते न कळता.

मुलीचे डोळे भरून आले होते. हे काही नाटक नव्हतं. नाटक असलं की ती आधी आरशात बघून यायची. मुलानं आईकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातच आजीला कळलं की आपण "राहू दे रे" एवढं म्हटलं तर सगळे सुटतील. ते शब्द म्हणायची तिला सवय होती. शेवटच्या पोळीला ती ते म्हणायची, खिडकीजवळच्या जागेला म्हणायची, नव्या चपलांनाही. पण या वेळी तिनं ते म्हटलं नाही. खुर्चीचे दांडे धरून ती उठली, पट्टीतल्या दारातून आत गेली आणि नातीसमोर फरशीवर बसली. बसताना गुडघ्यांनी आवाज केला.

"हे बघ, वकीलबाई. तुला घसरगुंडी पाहिजे, आणि मला यायचंय. तुझंही खरं आहे आणि माझंही. चौघांच्या तंबूत मी मावत नाही, आणि तळ्याला घसरगुंडी नाही. मी माझं सोडत नाही, आधीच सांगते. तुला त्याच्या बदल्यात काय पाहिजे, ते बोल."

नातीनं नाक पुसलं. आजी आपल्याशी अशी कधी बोलली नव्हती. रडणं थोडं बाजूला ठेवून तिनं विचार केला.

"तू पाण्यात यायचं."

"येईन की. पाय बुडवून बसेन."

"तसं नाही. काठावर टॉवेल धरून बसायचं नाही. आत यायचं. माझ्याबरोबर."

"किती आत?"

वकीलबाईनं हात स्वतःच्या गळ्याशी नेला, मग चूक लक्षात येऊन उठली आणि तो आजीच्या गळ्याशी लावला. "इथपर्यंत. तुझ्या इथपर्यंत. माझ्या इथपर्यंत नाही."

मुलगा म्हणाला, "अगं, आजीला पोहता येत नाही. ती कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नाहीये."

"म्हणूनच," वकीलबाई म्हणाली.

लॉन्ड्रीत आजीचं पाण्याशीच काम होतं, पण ते पाणी यंत्रात फिरायचं. ती बाहेर उभी असायची. अंगाभोवती, गळ्यापर्यंत पाणी आलं की पाय जमिनीवर राहतात की उचलले जातात? थंडी आधी कुठं वाजते? तिला भीती वाटली, आणि भीतीच्या मागून आणखीही काही आलं. ते तिच्या ओळखीचं होतं. ते पंख्यासारखं पान हातात घेतलं तेव्हा वाटलं होतं, तेच.

"तुझा बाबा शेजारी उभा राहणार," ती म्हणाली. "ही माझी अट."

"चालेल. आणि तू सारखं 'पडशील, पडशील' म्हणायचं नाही."

"पाण्यात कुणी पडतं का?"

"तू म्हणतेस."

"बरं, नाही म्हणणार. दिवसातून एकदा म्हटलं तर चालेल?"

"एकदा चालेल."

सुनेनं पुन्हा फोन लावला. तीच बाई, तेच कुत्रं. सुनेनं तारखा सांगितल्या, पाच जण आहोत, दोन मोठी, दोन मुलं, एवढं बोलली आणि थांबून फोनवर हात ठेवला.

"पाचवं माणूस कोण म्हणून विचारतेय. लहान की मोठं? तळ्यात जाणाऱ्या लहानांना ते फुगवलेली जाकिटं देतात."

"सांग, मोठं आहे," आजी म्हणाली. "आणि जाकीट पाहिजे."

सुनेनं सांगितलं. पलीकडची बाई हसली आणि बरंच काही बोलली. "मोठ्या मापाचंही आहे म्हणते," सून म्हणाली. "आणि पलंगाशेजारी दांडा बसवून देईन म्हणते, धरून उठायला."

"देव तिचं भलं करो," आजी म्हणाली. "बघ, झाडाचं पुन्हा विचारतेस का."

मुलगा पट्टी काढायला वाकला, तसा आजीनं त्याचा हात धरला. "थांब जरा. हा चौघांचा आहे. पाचांचा किती मोठा, तेवढा करून दाखव. मला माझा पलंग कुठं येतो ते बघायचंय."

मुलानं रीळ उचललं. पट्टी पुढं गेली, खिडकीपर्यंत पोचली, खुर्चीला वळसा घालून परत आली. आजीनं कोपऱ्यात, खिडकीच्या खाली, घडी केलेली चादर अंथरली आणि तिच्यावर आडवी झाली. बोका दारातून धावत आला, दोन्ही हातांनी तिची कपड्यांची पिशवी ओढत. ती त्यानं तिच्या पायांवर टाकली.

"बॅग," तो म्हणाला.