दुधाचा भास

जेवण झालं की नवरा पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन तिच्यापुढे उभा राहायचा. ती गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि मग तो म्हणायचा, "दाखव." ती आ करायची. जीभ वर, जीभ बाहेर, मग दोन्ही गाल. लेक पाळण्यात होती तेव्हा हे सुरू झालं आणि लेकीचं लग्न होऊन ती आपल्या घरी गेली तरी चालूच होतं. कुणाला वाटेल, नवरा दुष्ट. छे हो! दुष्ट असता तर सगळंच सोपं होतं. चांगला होता, जबाबदार होता. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं नातेवाईक तिला तोंडावर म्हणायचे. ते नशीब ती रोज आ करून दाखवत होती.

झालं होतं ते असं. लेक जन्मली आणि हिचं डोकं फिरलं. शब्द घरातलाच, सगळे तोच वापरायचे. माझ्या दुधात कुणीतरी विष कालवलंय, असं तिच्या मनाने घेतलं. बाळ भुकेने टाहो फोडतंय आणि ही दोन्ही हात छातीशी आवळून कोपऱ्यात. एकदा तर बाळाला घेऊन न्हाणीघरात कडी लावून बसली; दार फोडावं लागलं. मग दवाखाना, मग गोळी. गोळीने गुण दिला, हे तीसुद्धा नाकारत नसे. विष गेलं, झोप आली, लेक मांडीवर परत आली. गोळीवर तिचा कधीच राग नव्हता.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. अंगात पांढरा कोट, समोर खुर्चीत गिऱ्हाईक, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. भिंगं बदलत विचारायचं, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" गिऱ्हाईक म्हणालं आधीचं, तर आधीचं. म्हणालं धूसर दिसतंय, तर धूसर. "धूसर कुठे, उगाच काहीतरी," असं ती जन्मात कुणाला म्हणाली नव्हती. माणसाला काय दिसतं ते त्यालाच विचारायचं असतं, हा त्या धंद्याचा साधा नियम. घरी हा नियम नव्हता.

दोन वर्षांपूर्वी, असंच काम करत असताना, कोटाच्या आत ओलं लागलं. तिला वाटलं घाम. आडोशाला जाऊन पाहिलं तर दूध. या वयात! पाळी जवळजवळ थांबलेली, अंगावर पिणारं कुणी नाही, आणि दोन्हीकडून दूध. ती घरी आली. लेक भेटायला आलेली होती. चहा पिताना तिने सरळ सांगून टाकलं.

"अहो, मला दूध येतंय."

नवऱ्याने कप खाली ठेवला. "काय येतंय?"

"दूध. छातीतून. कोटाला डागसुद्धा पडला, तो भिजत घातलाय."

त्याने तिच्या छातीकडे पाहिलं नाही, भिजलेल्या कोटाकडे पाहिलं नाही. पाहिलं ते तिच्या डोळ्यांकडे. लेकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "आई, झोप नीट लागतेय ना गं तुला?"

"झोपेचं काय मधेच? तुम्ही या तरी आत, दाखवते!"

तिचा आवाज चढला. झालं! आवाज चढणं हेसुद्धा लक्षणच. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात सगळा निकाल लागून गेला.

डोक्याच्या डॉक्टरांकडे नवरा आधी एकटा आत गेला. ही बाहेर बाकावर. आत काय बोलणं झालं ते तिला नंतर कळलं: पुन्हा तेच सुरू झालंय, दूध दूध करतेय. मग हिला बोलावलं.

"दूध आल्यासारखं वाटतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाटत नाही, येतंय."

"बरं. त्यात कुणी काही मिसळतंय, असं?"

"नाही हो! नुसतं येतंय."

"हं," डॉक्टर म्हणाले आणि एका गोळीच्या दोन केल्या. छाती तपासून बघा, असं म्हणायला बाईमाणसाची जीभ रेटली नाही आणि त्यांना बघायचं सुचलं नाही. त्यांचं खातं डोक्याचं. छाती त्यांच्या खात्यात येत नव्हती.

दोन गोळ्या सुरू झाल्या आणि दुधाला जोर चढला. अंगात शिसं ओतल्यासारखी ती दुकानात उभी राहायची. हातातून भिंगं निसटायची, मालक काही बोलत नसत पण बघत असत. पण बाई वेडी नव्हती. तिच्या लक्षात आलं, की खरं बोललं की गोळी वाढते. आता पुन्हा "येतंय" म्हटलं तर तिसरी. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती हसून म्हणाली, "आता नाही येत."

"छान!" डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याच्या जिवात जीव आला. येताना त्याने तिला नवी चप्पल घेऊन दिली. बाई खोटं बोलली आणि त्याच दिवशी बरी झाली, असा हा उपचार! नंतर ती आत रुमालाच्या घड्या घालू लागली आणि ते रुमाल आपले आपण धुऊ लागली.

मग एके दिवशी अंघोळ करताना डाव्या बाजूला बोटाला वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. दाबलं तर दुखेना. हललंही नाही. तिला कळत नव्हतं असं नाही. गाठ म्हणजे काय हे कुठल्या बाईला कळत नाही? पण त्याच आठवड्यात लेकीने फोनवर गोड बातमी दिली होती आणि वर म्हणाली होती, "आई, तू अशीच बरी राहा हं. मग बाळाला तुझ्यावर सोपवून मी बिनघोर कामावर जाईन." तुझ्यावर सोपवून! जिच्या हातून एकदा बाळ ओढून घ्यावं लागलं होतं, तिला हे ऐकायला मिळालं. आता गाठ म्हणावं, तर 'आईचं पुन्हा सुरू झालं' व्हायचं, आणि मग कसलं बाळ नि कसली मांडी. तिने मूग गिळले. वाटाण्याची सुपारी झाली तरी तिने ब्र काढला नाही.

नात झाली. लेक बाळाला घेऊन महिनाभर राहायला आली. सुरुवातीला ती बाळाला आजीच्या हातात द्यायची आणि तिथेच घुटमळायची. मग शेजारच्या खोलीत जाऊ लागली. मग एका दुपारी म्हणाली, "आई, मी जरा अंघोळ करून येते. बघशील ना?"

"बघते की. जा तू निवांत."

आजीने नात मांडीवर घेतली. तिला इतकं सुख झालं की रडू आलं. तेवढ्यात बाळ उठलं, आणि भुकेने जे रडायला लागलं ते ऐकेचना. इवलंसं तोंड गाऊनवर शोधू लागलं. आणि आजीच्या अंगाला कुठे काय ठाऊक, की ही आपली नव्हे, लेकीची आहे? रुमालाच्या घड्या भिजल्या, गाऊन भिजला, दोन मोठे ओले डाग पसरत गेले. लेक केस पुसत धावत आली आणि दारातच थबकली.

"आई, हे काय?"

"काही नाही. पाणी सांडलं."

लेक स्वतः ओली बाळंतीण. पाणी कुठलं आणि दूध कुठलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने बाळ खाली ठेवलं, आईच्या गाऊनची बटणं काढली, हात लावून पाहिला. डावीकडे हात थांबला.

"हे कधीपासून?"

"बाळाला घे आधी. भूक लागलीय तिला."

गाठीच्या डॉक्टरबाईंनी तपासलं, तुकडा काढून पाठवला, आणि मग तिघांना समोर बसवलं. कर्करोग होता, काखेत उतरला होता. "दूध कधीपासून येत होतं?" त्यांनी विचारलं.

"हिने सांगितलंच नाही हो आम्हाला," नवरा म्हणाला. मनापासून म्हणाला, त्याला खरंच तसं वाटत होतं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिचं ऐकलं आणि मान नवऱ्याकडे वळवली, खरं का म्हणून. इथेही!

"सांगितलं होतं," लेक म्हणाली. "बाबा, मी तिथेच बसले होते. आपण तिला दोन गोळ्या दिल्या."

डॉक्टरबाईंनी समजावलं, की दूध आलं ते त्या गोळीनेच. त्या जातीच्या गोळीने कधीकधी असं होतं. रक्त तपासून कळतं, गोळी बदलता येते. गाठ गोळीनेच झाली का, हे छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायकांत धोका थोडा वाढलेला काही अभ्यासांत दिसलाय, काहींत दिसलेला नाही.

"पण तेव्हा कुणी हात लावून पाहिलं असतं," त्या म्हणाल्या, "तर निदान लवकर सापडली असती."

"म्हणजे गोळी बंद?" नवऱ्याने विचारलं.

"अजिबात नाही. बदलायची."

तिला एकच विचारायचं होतं. "लेकीला मी अंगावर पाजलं, तेव्हा तिच्या अंगात या रोगातलं काही गेलं नसेल ना?"

"नाही हो," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्या पहिल्यांदा नीट तिच्याकडे पाहून बोलल्या.

डावी बाजू काढली. घरी आल्यावर लेकीने तिची उशी लावली, बाळ तिच्या उजव्या कुशीत ठेवलं आणि खोलीतून निघून गेली, घुटमळली नाही. जेवण झाल्यावर नवरा आला. हातात पेला, पेल्याशेजारी नवी गोळी. वेगळ्या रंगाची, एकच. तिने घेतली, पाणी प्याली, पेला परत दिला.

तो तिथेच उभा राहिला. काहीतरी चुकचुकल्यासारखं त्याच्या तोंडावर आलं, पण तोंडाला पडलेली सवय मनापेक्षा पुढे पळाली.

"दाखव," तो म्हणाला.

तिने तोंड उघडलं नाही. एक हात बाळाच्या पाठीवर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तिने गाऊनची बटणं काढली, पट्टी बाजूला केली आणि सपाट झालेली, टाके घातलेली ती जागा त्याच्यापुढे धरली.

त्याने मान फिरवली.

"इकडे बघा," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी बोलावलं होतं तुम्हाला. बघा आता."