धारेवरची भेग

बार्शीटाकळीजवळ आरतीच्या वडिलांची, नत्थुजींची, विहीर आहे. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली काळ्या दगडाचे थरावर थर. लहानपणी आरती काठावर पालथी पडून ते थर पाहत राही. पुढे अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकताना तिला कळलं, की हा सगळा एकेकाळी वाहता लाव्हा होता.

यंदा ती हिंदी महासागरात, पार दक्षिणेकडच्या एका निर्मनुष्य बेटावर उतरली. समुद्रतळातून उठलेल्या ज्वालामुखींच्या रांगेचं हे पाण्याबाहेर आलेलं टोक. एक लांब, अरुंद धार आणि दोन्हीकडे तुटलेले कडे. सोबत मोहिमेच्या प्रमुख रागिणी मॅडम आणि भूकंपमापक यंत्रं सांभाळणारा अकोल्याचा नईम.

पहिल्या दिवशी धारेवर चढल्यावर नईमने जमिनीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"ताई, हे तं गरम हाय! आपल्या वावराखालचा दगड बी असाच होता?"

"असाच. त्याले थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाले."

नईमने पुन्हा तळहात टेकवून पाहिला. बुटांच्या तळव्यांतून बारीक थरथर जाणवत होती.

दुसऱ्या दिवशी शेवटचं यंत्र धारेच्या टोकाला बसवायचं होतं. वाटेत आरती थांबली. आदल्या दिवशी तिथल्या भेगेत तिची बोटं जेमतेम शिरली होती. आज अख्खा हात कोपरापर्यंत आत गेला, आणि पलीकडची कड वीतभर खाली बसली होती.

"मॅडम, समुद्राकडचा भाग सुटतोय. पुढे जायला नको."

रागिणी मॅडमनी वाकून पाहिलं. "यंत्र राहू दे. खाली चला. लगेच."

रबरी होडीतून ते जहाजावर पोचले. रागिणी मॅडमचं ऐकताच कप्तानाने जहाज खोल पाण्यात नेलं. डोंगराचा तुकडा समुद्रात पडला तर किनाऱ्याजवळ लाट भयंकर उसळते, हे त्यालाही ठाऊक होतं.

दुपारी ते घडलं. आधी आवाजच आला नाही. बेटाची एक अख्खी बाजू सावकाश खाली बसली, जशी एखादी दमलेली म्हैस बसते. मग गडगडाट छातीत घुसला. धुळीखालून पाण्याची टेकडी निघाली. कप्तानाने जहाजाचं तोंड तिच्याकडे वळवलं. जहाज चढलं, चढतच गेलं, आणि पलीकडे धाडकन उतरलं. नईम कठडा धरून "या अल्ला, या अल्ला" म्हणत होता.

धूळ विरली तेव्हा बेटाचं पोट उघडं पडलेलं दिसलं. काळा थर, तांबडा थर, पुन्हा काळा, आणि त्यांना उभी चिरत गेलेली थिजलेल्या लाव्ह्याची एक भिंत. तिच्या माथ्यावरून नारिंगी लाव्हा ओघळत होता. समुद्राला टेकला की पांढरी वाफ फुटायची. आत्ताच आपण मरता मरता वाचलो, हे आरती विसरून गेली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

जहाजावरच्या फोनवरून तिने घरी बोलावं, असं मॅडमच म्हणाल्या.

"काहून रडून राहिली वं?" तिची आई, कौशल्याबाई, घाबरल्या. "काई झालं का तुले?"

"मले काई नाई झालं, आई. आमी समदे धडधाकट हावो. डोंगर पडला, अन् त्याच्या आतून नवा दगड निंगून राहिला. मी पायलं."

"मंग आता निंगशील ना घरी?"

"इतक्यात नाई," आरती म्हणाली. "दुरूनच पायतो, पन थांबतो."