उरलेले एकशे तीस तास

मित्रांनो, या क्षणी माझ्या पाठीवर जेवणाच्या दोन काड्या टेकल्या आहेत आणि त्यांच्या टोकावरून मिसो सूपचा थेंब माझ्या अंगावर ओघळतो आहे. पाहुणे म्हणतात, काय सुबक वस्तू आहे! माझा अगदी संताप होतो. मी अंगठ्याएवढा असलो तरी शोभेची वस्तू नाही. मी टर्बाइन इंजिनाचं पातं आहे.

माझा जन्म जपानातल्या सेतो गावचा, कुंभारांच्या वस्तीतला. पण माझी भुकटी साध्या मातीची नव्हे, सिलिकॉन आणि नायट्रोजनची. ती दाबून, भट्टीत भाजून मला घडवलं. धातूची पाती ज्या झोतात मऊ पडतात, त्या तेराशे अंशांतही मी ताठ राहतो. माझं दुखणं एकच. अंगावर बारीकसा ओरखडा पडला, की धातूसारखं थोडं वाकून मला निभावून नेता येत नाही. ओरखडा आतल्या आत वाढतो आणि एक दिवस मी फुटतो.

आम्हा पात्यांची परीक्षा तापल्या इंजिनात हजार तास फिरण्याची होती. टिकलो तर पुढचं इंजिन, नाहीतर काम बंद. इंजिनियर हिराइवासाहेबांची बारा वर्षं त्यात गेली होती.

तपासणीनंतर आम्हाला डब्यात भरायचं काम तोकिएबाईंकडे होतं. बाई जुन्या कुंभार घराण्यातल्या. आमचं बूड त्यांच्या बोटाला किंचित खरखरीत लागलं. सेतोत भट्टीतून पेले निघाले, की दोन पेल्यांची बुडं एकमेकांवर घासतात, मेजावर चरे उठू नयेत म्हणून. बाईंनी मायेनं मला आणि माझ्या शेजारच्या पात्याला तसंच घासलं. इंजिनाच्या चाकात आम्ही त्याच बुडाच्या आधारानं अडकून फिरणार होतो.

आठशे सत्तर तास आम्ही लाल होऊन फिरलो. मग शेजारी बुडाशी तुटला आणि त्याच्या तुकड्यांनी बाकीची पाती फोडली. मी एकटा कसा वाचलो, कोण जाणे.

हिराइवासाहेबांनी तुटलेलं बूड भिंगाखाली धरलं.

“बाई, हे कोणी घासलं?”

“मीच. हाताला लागत होतं.”

“अहो, तो काय चहाचा पेला होता?”

“पेला असता तर फुटला नसता, साहेब,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी अहवालात ओरखडा लिहिला, बाईंचं नाव लिहिलं नाही. वरिष्ठ म्हणाले, “डब्यात भरतानाच हे असं होत असेल, तर विमानात काय होईल?” काम बंद झालं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते मला अजून झोंबतं.

निघताना साहेबांनी मला बाईंच्या हातात ठेवलं. “याच्यावरही तुमचा ओरखडा आहे. तरी टिकला. ठेवा तुमच्याकडे.”

तेव्हापासून मी बाईंच्या घरी, या जेवणाच्या मेजावर काड्या टेकवायला आहे. बाई मला रोज कोमट पाण्यानं धुतात. कोमट! तेराशे अंश सोसलेल्याला!

मित्रांनो, कुणाला जपायचं असेल तर आपल्या सवयीनं जपू नका. त्याला कशानं इजा होते, ते आधी विचारा. मला कुणी विचारलं नाही.

काल मला पुसताना बाईंचा अंगठा त्या ओरखड्यापाशी थांबला. “एकशे तीस राहिले रे,” त्या हळूच म्हणाल्या.

इतकी वर्षं मला वाटत होतं, ते तास मी एकटाच मोजतो आहे.