गवंड्याची उतरंड

स्वयंपाकघराच्या खिडकीतून गवंड्याला समोरच्या डोंगराचं शिखर रोज दिसायचं, पण तीस वर्षांत तिथे जायचा मुहूर्त काही लागला नव्हता. शेवटी बायकोनेच हट्ट धरला. "गुडघे शाबूत आहेत तोवर जाऊन येऊ. नंतर खिडकी आहेच की!"

गावामागची पायवाट कातळापाशी संपली. तिथून पुढे हातापायांनी चढायचं आणि आधीच्या लोकांनी रचलेल्या दगडांच्या उतरंडी शोधायच्या. उतरंड दिसली की वाट बरोबर. बायको सावकाश, एकेक दगड चाचपत येत होती. तिची वाट बघत गवंडी बाजूच्या एका सपाट टप्प्यावर टेकला. आता रिकामे बसतील तर ते गवंड्याचे हात कसले? आजूबाजूचे दगड गोळा करून त्याने झकास उतरंड रचली. टप्प्यापलीकडे सरळ कडा होता. तो त्याला दिसतही होता, पण आपण काय करून बसलोय हे डोक्यात शिरलं नाही.

शिखरावर दोघांनी डबा खाल्ला. "मला उतरायला वेळ लागतो, मी होते पुढे," म्हणून बायको निघाली. गवंडी मात्र खाली आपलं छप्पर शोधत रेंगाळला. तेवढ्यात धुकं आलं आणि चार हातांवरचं दिसेनासं झालं.

अर्धा कातळ उतरल्यावर त्याला एकदम आठवलं. ती उतरंड! बायको खुणा बघत उतरणार, आणि ती खूण कड्याकडे नेते.

"अगं ए!" हाका मारत, बसत, घसरत, ढोपरं सोलून घेत तो टप्प्यावर पोचला. उतरंड जागेवर होती. बायको नव्हती. कड्याखाली नुसतं पांढरं. बायकोला त्याने जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती, ती आता जिवाच्या आकांताने मारली.

"ओरडताय कशाला एवढं? मी इथे आहे, वाटेवर!" आवाज दुसऱ्या बाजूने आला. कानाला घट्ट मफलर बांधलेली बायको धुक्यातून वर आली. गवंडी मटकन खालीच बसला. सुटलो रे बाबा, एवढंच त्याला कळत होतं. डोळे वाहत होते, ते पुसायचंही सुचेना.

"तू... ही उतरंड बघून वळली नाहीस?"

"बघितली की. सगळे दगड ओळंब्यात सरळ, फटींत कपच्या ठासलेल्या! डोंगरावर असलं काम कोण करतं? तीस वर्षं तुमच्या भिंतींना पाणी मारतेय, तुमचा हात ओळखू येणार नाही मला?"

गवंडी रडता रडता हसला.

"हसू नका. मागून येणाऱ्याला कुठला ओळखू येणार तुमचा हात?"

तो उठला. कपच्या उपसल्या, वरचा दगड उचलला, मग खालचा. स्वतःचं बांधकाम पाडताना त्याला आजवर एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. शेवटचा दगड बायकोने बाजूला ढकलला.