घुबडाचा पत्ता

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या बाईला इंटरनेटवर सगळे घुबड म्हणत. नाव तिनेच घेतलं होतं. घुबडाच्या वाटेला कोण जातंय, हा तिचा हिशेब.

वाटेला जाणारा एकच होता, थोरला भाऊ. त्याने तिच्या फोनमध्ये गुपचूप काहीतरी बसवून ती कुठे जाते, कोणाशी बोलते, सगळं पाहिलं होतं. पकडला गेला तेव्हा वर म्हणतो कसा, "तुझ्या काळजीपोटीच केलं." त्या काळजीला कंटाळून ती घरातून पळाली आणि कोणाकडे चुगली न करणारा फोन शोधू लागली. शोधता शोधता तसल्या फोनची यंत्रणा लिहिणाऱ्या मंडळींतच जाऊन बसली. भाऊ अजून माग काढतोय, हे मावशीकडून कळलं होतं.

मंडळी फुकट राबणारी. सगळं उघड्यावर लिहायचं, कोणीही वाचावं, खोट काढावी. मोठे नियम दोन. कोणी कोणाचं खरं नाव विचारायचं नाही, आणि चर्चेत एकदा लिहिलेलं कोणालाही पुसता यायचं नाही. दुसरा नियम घुबडानेच भांडून करून घेतला होता. लपवाछपवीची तिला भारी चीड.

नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर जाण्याआधी तिच्यावर घुबडाची सही लागे. आकड्यांची सही, दुसऱ्या कोणाला न जमणारी. पण संस्थापक भांडून निघून गेला आणि मंडळींत दोन तट पडले. चिमटा नावाच्या गड्याने लिहिलं, "ही सही करणारी कोण? कोणाची हेर नसेल कशावरून? नाव सांगा, चेहरा दाखवा." नाव न विचारण्याच्या आणाभाका घेतलेले लोक त्याच्या सुरात सूर मिसळू लागले. याला काय म्हणावं?

नाव सांगावं तर भाऊ दारात. न सांगावं तर हेर. सोडून जावं तर तिच्यासारख्याच लपून राहिलेल्या कितीतरी बायांचे फोन वाऱ्यावर. इकडे आड, तिकडे विहीर. दोन-तीन दिवस तिने चर्चा उघडलीच नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत तिने चर्चा उघडली तर सगळं शांत. चिमट्याने चक्क माफी मागितली होती. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने वरचं वाचलं.

मुंगी म्हणून तिचा एक पाठीराखा होता, कामाला चिकट, मनाने चांगला. त्याने परवा लिहिलं होतं, "घुबडाने मागे फुटलेल्या फोनचा फोटो टाकला होता. त्याच्या काळ्या काचेत दुकानाची पाटी उलटी दिसते. मी ती सुलटी केली, दुकान शोधलं, फोन लावला. मालकीणबाई म्हणाल्या, अशी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. आता तरी संशय सोडा." खाली दुकानाचा पत्ता आणि तिचं नाव, आडनावासकट. त्याखाली शाबासक्यांची रांग.

फोटोत फोन आपोआप नोंदवतो ती जागेची खूण तिने आठवणीने काढली होती. दिवसभर काचा घासणारीला त्या काचेतली पाटी मात्र दिसली नव्हती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"पुसून टाक," तिने मुंगीला कळवलं.

उत्तर लगेच आलं. "पुसता कुठे येतं? तुझाच नियम. आणि बिघडलं काय? तुझ्या काळजीपोटीच केलं ना."

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. कुत्रं आवरायलाही कोणी नव्हतं.

तेवढ्यात दुकानाच्या मालकीण, काकू, पडद्याआडून डोकावल्या. चेहरा नुसता फुललेला.

"अगं, हल्ली भारी चौकशा तुझ्या. परवा तुझ्या कामातला कोणीतरी, आज सकाळी तुझा थोरला भाऊ. फोनवर रडवेला झाला होता बिचारा."

"तुम्ही काय सांगितलंत, काकू?"

"काय सांगणार? म्हटलं, काळजी करू नका, इथेच आहे ती, संध्याकाळपर्यंत असते. दुपारी येतो म्हणाला." काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मुद्दाम सांगितलं नाही तुला. म्हटलं, अचानक बघून आनंद होईल."

ती पर्स उचलून पुढे धावली. दुकानाला दार एकच, काचेचं, रस्त्यावर उघडणारं. त्या काचेला बाहेरून कपाळ टेकवून, दोन्ही हातांचा आडोसा करून कोणीतरी आत बघत होतं.